मत वेगळं, मान तोच? गोव्यातले धर्म, गावकरी आणि कोसंबी बाप-लेक

अंत्रुजकार

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

धर्मांची तुलना असा विषय निघाला की बोलणं दोनपैकी एका ठिकाणी जाऊन थांबतं. एकतर सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, नायतर त्यांचं आणि आमचं मुळातच जमणारं नाही. मला दोन्ही पटत नाहीत, कारण दोन्हीकडे तुलना होते ती पोथीची पोथीशी. देव एक की अनेक, पुनर्जन्म आहे की नाही, मूर्ती चालते की नाही वगैरे. गोव्यात राहणाऱ्या माणसाने तरी एवढ्यावर थांबू नये असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी एकाच गावाचे, कितीतरी ठिकाणी एकाच वांगडाचे, म्हणजे एकाच कुळाचे, दोन भाग झाले. एक भाग देवाबरोबर नदी ओलांडून आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंडा महालात, आला आणि दुसरा ख्रिस्ती होऊन जमिनीबरोबर मागे राहिला. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, महालक्ष्मी कोलव्याहून बांदिवड्याला. तेव्हा अंत्रुज आदिलशाहीत, पोर्तुगीजांकडे फक्त तिसवाडी, बार्देस, सासष्ट. आमचा फोंडा महाल त्यांच्या हातात गेला तो थेट अठराव्या शतकात, नव्या काबिजादींबरोबर, म्हणजे नंतर जिंकलेल्या मुलखाबरोबर.

म्हणजे बघा, रक्त तेच, भाषा तीच, जेवणातला नारळ तोच, बदलला तो फक्त धर्म. अशी तुलना करायची संधी जगात फार कमी ठिकाणी मिळते. मग काय दिसतं? मला दिसतं ते असं. देव कोण, मेल्यावर काय, पाप कसं फिटतं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडला. पण गावात पहिला मान कुणाचा, शेतांच्या पावणीला (लिलावाला) कोण बसणार, पालखीला किंवा सायबिणीच्या (मेरीमातेच्या) मूर्तीला खांदा कुणाचा, सोयरीक कुणात होणार, यात फारसा फरक पडलाच नाही. १५२६ च्या फोरालात (सनदेत) पोर्तुगीजांनी गावकरीचे, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थेचे, जुने रिवाज लिहून घेतले आणि तसेच चालू ठेवले, कारण वसुली त्यांच्याकडूनच होत होती. १५४१ पासून तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न कपेलांकडे (छोट्या चर्चकडे) आणि पाद्रींकडे वळलं. मान देणारा देव बदलला, मान घेणारी कुळं तीच राहिली. बामण, चारदो, सुदिर हे जातींचे भेद क्रिस्तांवात (ख्रिस्ती लोकांत) आजही सोयरीक जुळवताना निघतात, आणि आमच्याकडच्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या हक्कदार घराण्यांच्या, यादीबद्दल तर मी काय सांगू.

आता यात कोसंबी कुठे आले? धर्मानंद सांखवाळचे, जन्म १८७६, बुद्धाच्या शोधात घर सोडलेला माणूस. त्यांचा मुलगा दामोदर, जन्म १९०७, कोसबेंचा, गणिती आणि मार्क्सवादी इतिहासकार. मुलाने जुन्या काबिजादींमधल्या गावकरीवर स्वतंत्र लेख लिहिलाय, १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी'त आहे. बाप म्हणणार माणसाचं आचरण बदला, मुलगा म्हणणार जमीन कुणाच्या हातात आहे ते आधी बघा. गोव्याचा दाखला घेतला तर मला मुलगाच बरोबर वाटतो. धर्म बदलून समाज बदलत नाही, जमीन हलली की बदलतो.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा, पण कृपया "आमचा गोवा सलोख्याचा" किंवा "त्यांनी देवळं मोडली" एवढ्यावर थांबू नका. दोन्ही खरं आहे, त्याच्या पुढे जाऊ.

म्हापशेंकार

लेख आवडला, पण एक बाजू सुटतेय. तुम्ही सगळं मान आणि जमीन यावर आणून ठेवलं, मग श्रद्धेचं काय?

आमच्या म्हापशात मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी. तिथे या एकदा सकाळी. तेलाच्या बाटल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांत कपाळावर कुंकू असलेल्या किती आणि नसलेल्या किती ते बघा. कुणी तेल घालते, कुणी मेणबत्ती लावते, कुणी दोन्ही. का, तर ही शिरगावच्या लईराई देवीची बहीण. सात बहिणी, त्यांत मिराबाय म्हापशाची सायबीण झाली असं आमच्या घराघरात सांगतात. शिरगावहून सायबिणीला तेल येतं आणि लईराईच्या जत्रेला इथून फुलं जातात. आमची आजी लईराईच्या धोंडांचं (निखाऱ्यांवरून चालणाऱ्या भक्तांचं) व्रत असलेल्या घरातली, होमखणाच्या, म्हणजे निखारे तुडवायच्या, रात्री डोळ्याला डोळा न लावणारी बाई, आणि तीच दरवर्षी सायबिणीला तेल घालायची. तिला या दोन्हींत कसलाही विरोध वाटला नाही.

यात कुठे आली जमीन? बहिणी आहेत, बहिणीला भेटायला जायचं, इतकं साधं आहे ते.

अंत्रुजकार

म्हापशेंकार, हे मी नाकारत नाही, मला ते फार मोलाचं वाटतं. पण विचारतो एवढंच, बहिणीचं नातं देवींनी जोडलं, माणसांनी जोडलं का? तेल घालणाऱ्या दोन घरांत सोयरीक झाली का कधी?

म्हापशेंकार

सोयरीक नाही झाली म्हणून नातं खोटं ठरत नाही. घरात मयत झालं तर पहिली येते ती शेजारची क्रिस्तांव बाईच, हे मी पाहिलंय. तुमची मोजपट्टी फारच कडक आहे.

राय_गांवचो

मी क्रिस्तांव, मराठी शाळेत शिकलो म्हणून वाचतो, लिहिताना कोंकणी मिसळते, समजून घ्या.

आमच्या रायेत ५ ऑगस्टला कणसांचं फेस्त. इगर्जेतून (चर्चमधून) शेतात मिरवणूक जाते, पाद्री विळ्याने पहिली कणसं कापतो, आशीर्वाद देतो, मग ती घरोघरी नेऊन आल्ताराजवळ ठेवायची. तुमच्याकडे चवथीच्या वेळेला नव्याची पंचम करतात, नवी कणसं आणून दाराला आणि देवाला लावतात, तीच गोष्ट. माझ्या आईला विचारलं तर ती सांगणार हे आमच्या सायबिणीचं, शेजारच्या वयनीला विचारलं तर ती सांगणार हे आमच्या गणपतीचं, आणि भात दोघांचं एकाच खाजनातलं, खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं.

लग्नाचं पण सांगतो. माझ्या भयणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी रोस झाला. पाटावर बसवली, मावश्या-काक्यांनी नारळाचा रस दोन्ही हातांनी डोक्यावर, खांद्यावर, हातांवर चोळला, बाया गाणी म्हणत होत्या. जिने आधी लावायचं तिचा मान ठरलेला, त्यावरून दोन काक्या रुसल्या पण. चुडो भरला. आणि त्याच्या आधी भिकऱ्यांचें जेवण, म्हणजे घरातल्या मेलेल्यांच्या नावाने गरिबांना बसवून जेवू घालायचं. हे सगळं बायबलात कुठेच नाही. १७३६ साली इंक्विझिशनने मोठा फर्मान काढून असल्या चालीरीतींवर बंदी घातली होती, तुळस लावायची नाही, बिनमिठाचा भात शिजवायचा नाही, पुरुषांनी धोतर नेसायचं नाही, बायांनी चोळी घालायची नाही, लग्नातली गाणी नाहीत. दोनशे वर्षं आधी बाप्तिस्मा झालेल्या लोकांना हे सांगावं लागलं म्हणजे लोक काय करत होते ते समजा. इंक्विझिशन १८१२ ला बंद झालं. रोस अजून चालतो.

म्हणून मला वाटतं राहिला तो फक्त मान नाही. मेलेल्यांना विसरायचं नाही, पहिलं पीक आधी देवाला, हे पण राहिलं. हे चांगलं राहिलं.

आता मानाचं, ते पण खरं सांगतो. सासष्टीतल्या काही इगर्जेत कोंफ्रारियेत (इगर्जेच्या भक्तमंडळात) फक्त गांवकारांच्या, म्हणजे गावकरीतल्या, घराण्यांनाच घ्यायचे. फेस्ताला खांद्यावर ओपामुस (आखूड झगा) असतो, त्याच्या रंगावरून कोण कुठल्या कोंफ्रारियेचा ते लांबून कळायचं. माझा आजोबा यावरून आयुष्यभर दुखावलेला होता. पाद्री प्रवचनात सांगायचा देवाकडे सगळे सारखे, आणि मिरवणुकीत आजोबा मागे.

जुनेंपान

राय_गांवचो, फार चांगलं लिहिलंत, देव बरें करूं.

मला इथे विचारवंतांच्या बाजूने एक तुलना घालायची आहे, कारण हा प्रश्न सोळाव्या-सतराव्या शतकातच तीन जेझुइट पाद्रींसमोर उभा राहिला होता आणि तिघांनी तीन उत्तरं दिली. थॉमस स्टीफन्स, इंग्रज, १५७९ ला गोव्यात आला, पुढची सगळी हयात सासष्टीत काढली. मातेओ रिची, इटालियन, १५७८ ला गोव्यात, १५८२ ला मकावला गेला. म्हणजे हे दोघे काही काळ एकाच वेळी गोव्यात होते. तिसरा रोबेर्तो दि नोबिली, तो १६०६ ला मदुरैला पोचला.

रिचीने चीनमध्ये आधी भिक्षूचा वेष घेतला, मग तो टाकून कन्फ्युशियन पंडिताचा घेतला, कारण तिथे वजन कुणाला आहे हे त्याने ओळखलं. १६०१ ला बीजिंगला पोचला. त्याचं म्हणणं असं, की पितरांपुढे नमणं हा घराण्याचा आदर आहे, ती पूजा नव्हे, म्हणून ख्रिस्ती झालेल्याने ते केलं तर चालेल. यावर पुढे शंभरावर वर्षं भांडण चाललं आणि १७४२ ला पोपने कायमची मनाई केली, ती उठली १९३९ ला. नोबिलीने मदुरैत संन्याशाची वस्त्रं घेतली, मांस सोडलं, संस्कृत-तमिळ शिकला, जानवं आणि शेंडी ही सामाजिक खूण आहे असं मांडलं, आणि १६२३ ला रोमने त्याला परवानगी दिली.

स्टीफन्सने वेष बदलला नाही, त्याने 'क्रिस्तपुराण' लिहिलं. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं बंद झाली, त्यांना सणावारी ऐकायला काहीतरी हवं होतं. दहा हजारांवर ओव्या, १६१६ ला राशोलला छापल्या, मराठीत पण रोमी लिपीत. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी घेऊन एक इंग्रज माणूस येशूची कथा सांगतो आणि मराठीची स्तुती करतो, याच्याइतकं आश्चर्य मला गोव्याच्या इतिहासात दुसरं वाटत नाही.

आता अंत्रुजकारांच्या मुद्द्यावर. जुळवून घेण्याचं कौतुक आपण करतो, मीही करतो. पण कुणाशी जुळवून घेतलं? रिचीने पंडितांशी, नोबिलीने ब्राह्मणांशी, स्टीफन्सचा श्रोताही बराचसा सासष्टीतला शिकलेला वरचा वर्ग. मदुरैच्या मिशनमध्ये पुढे वरच्या जातींसाठी एक प्रकारचे पाद्री आणि खालच्यांसाठी पंडारस्वामी असे वेगळे ठेवायची पाळी आली. समाजाच्या रीतीचा आदर करायचा म्हटलं की त्या रीतीतली उतरंडही आत येते. मग मोडून टाकणारे बरे का? तर तेही नाही, १७३६ च्या फर्मानाने तुळस उपटायला सांगितली, उतरंडीला हात लावला नाही. दोन्ही वाटांनी जात सुखरूप पार झाली.

कुळागर

वाचतोय, भारी धागा.

थोडं बाजूचं, पण तुलना चाललीच आहे तर आबे फारियाला, संमोहनाचे प्रयोग करणाऱ्या गोंयकार पाद्रीला, विसरू नका. पणजीला जुन्या सचिवालयाजवळ त्याचा पुतळा आहे, पडलेल्या बाईवर हात पसरून उभा. जन्म १७५६ कांदोळीचा. त्याच्या आधीचा मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणायचा माझ्यातून एक चुंबकी द्रव तुमच्यात जातो, त्याने तुम्ही झोपता. फारियाने १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखवले आणि उलट सांगितलं, की द्रव-बिव काही नाही, झोपणाऱ्याचं मनच एकाग्र होऊन हे घडवतं. १८१९ ला त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गेला. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तो स्वतःला आबे म्हणवतो आणि सोबत ब्राह्मण पण म्हणवतो! कॅथलिक पाद्री, पॅरिसमध्ये, दोन्ही एकाच दमात. अंत्रुजकारांना आणखी काय पुरावा पाहिजे.

मला नेहमी वाटतं, देवळात अवसर येतो, अंगात भार येतो, ते लहानपणी बघितलेल्या माणसालाच हे सुचलं असणार.

जुनेंपान

कुळागर, ब्राह्मण लिहिल्याचं बरोबर. अवसराचं मात्र आपल्या मनाचं आहे, त्याच्या लिखाणावरून तसं ठामपणे म्हणता येत नाही. कांदोळी तोपर्यंत दोनशे वर्षं ख्रिस्ती गाव होतं.

मांडावरची

मी सहसा लिहीत नाही, पण आज लिहिते.

तुम्ही सगळे गांवकार, महाजन, कोंफ्रारिया, बामण, चारदो यांचीच तुलना करताय. आम्ही गावडे. गोव्याची पहिली शेतं, पहिले बांध घातलेले लोक म्हणून आम्हाला भाषणात मूळ गोंयकार म्हणतात. आमच्यात तीन भाग आहेत, हिंदू गावडे, क्रिस्तांव गावडे आणि नवहिंदू गावडे. माझ्या वडलांकडचे नवहिंदू. १९२८ साली मसूरकर महाराज आले, शुद्धी झाली, हजारो क्रिस्तांव गावडे हिंदू झाले. माझ्या पणजीचं नाव बदललं, गळ्यातला खुरीस (क्रूस) गेला, कपाळाला कुंकू आलं. मोठा समारंभ झाला म्हणतात. मग पुढे काय? हिंदू गावडे पंक्तीला घेईनात, सोयरीक तर लांबच. क्रिस्तांव गावड्यांनी तोडलं. वरच्या जातीच्या ज्यांनी शुद्धीचं स्वागत केलं त्यांच्या घरात पणजी आधीसारखीच मागच्या दारी. म्हणून "नव" हा शब्द शंभर वर्षं होत आली तरी चिकटलेला आहे.

अंत्रुजकार म्हणतात धर्म बदलून समाज बदलत नाही. आमच्या घरात तर धर्म दोनदा बदलला, चारशे वर्षांत एकदा इकडून तिकडे आणि एकदा तिकडून इकडे. काम तेच राहिलं, चिखलणी, लावणी, भाटकाराच्या (जमीनदाराच्या) माडांना पाणी.

पण एक सांगते, आमचा मांड राहिला. पौषात धालो खेळतात तेव्हा बाया रात्री मांडावर जमतात, शेणाने सारवलेला असतो, दोन रांगा समोरासमोर, हात एकमेकींच्या कमरेत, पुढे येतात, वाकतात, मागे जातात. गाण्यांत वनदेवता आहे, पाऊस आहे, मुळातली जमीन आहे. याला पोथी नाही. कुठल्या धर्माच्या रकान्यात घालायचं ते मला सांगता येत नाही आणि घालायची गरजही वाटत नाही. २००३ ला गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, त्यात धर्म विचारत नाहीत, क्रिस्तांव गावड्यालाही मिळतो. त्यामुळे तिन्ही भाग पहिल्यांदा एका बैठकीला आले. शुद्धीने जे झालं नाही ते एका सरकारी यादीने सुरू केलं.

राय_गांवचो

मांडावरची बाय, हे वाचून काय बोलू कळत नाही. आमच्या गावात पण क्रिस्तांव गावड्यांचा वाडा वेगळा, त्यांची बसायची जागा पण इगर्जेत मागे असायची. हे खरं आहे.

पुण्यातला_गोंयकार

आता माझी अंत्रुजकारांशी तक्रार. तुम्ही धर्मानंदांना फारच स्वस्तात सोडलंत. आचरण बदला म्हणणारा साधा माणूस, असं नाही ते.

त्यांचं चरित्र बघा. सांखवाळच्या घरात बसून एका मराठी मुलांच्या मासिकात, बालबोधमेव्यात, त्यांनी बुद्धाची माहिती वाचली. ते मासिक अमेरिकन मिशनरी चालवत. म्हणजे सारस्वत ब्राह्मण, पोर्तुगीज गोव्यात, ख्रिस्ती मासिकातून बुद्धापर्यंत! मग पुणे, ग्वाल्हेर, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत, नेपाळ, तिथे बौद्ध धर्म पाहून निराशा, शेवटी सिलोन आणि १९०२ ला भिक्षू. ब्रह्मदेश. पुढे चीवर सोडून हार्वर्डला जाऊन पाली ग्रंथाचं संपादन. सोव्हिएत रशियातही राहून आले. मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत बहुजनविहार काढला. शेवटी १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला, जैनांच्या सल्लेखनेसारखा. एका माणसाने हिंदू, बौद्ध, जैन, गांधी आणि समाजवाद एवढ्या सगळ्यांतून स्वतः चालून तुलना केली. नुसती वाचून केली नाही.

आणि मुख्य म्हणजे त्यांनी बुद्धाच्या गृहत्यागाचं कारण काय सांगितलं? म्हातारा, रोगी, प्रेत बघून वैराग्य आलं, ही कथा त्यांनी मान्य केली नाही. १९४० च्या बुद्धचरित्रात त्यांनी अत्तदंड सुत्ताचा आधार घेऊन सांगितलं की शस्त्र धरलेली, कमी पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी माणसं पाहून तो घराबाहेर पडला. शाक्य आणि कोलिय, रोहिणी नदीचं पाणी, शेतीच्या पाण्यावरून दोन गणांची भांडणं. म्हणजे पाणी आणि जमीन बापानेही पाहिली होती! आंबेडकरांच्या बुद्धावरच्या ग्रंथातही गृहत्यागाच्या मुळाशी हाच रोहिणीचा तंटा आहे. फरक असा की आंबेडकरांचा सिद्धार्थ शाक्यांच्या संघात उभा राहून युद्धाला विरोध करतो, ठरावात हरतो आणि परिव्राजक होतो. मतदान आहे तिथे. धर्मानंदांचा बुद्ध शस्त्र का उचललं जातं याच्या मुळाशी जातो, मग पार्श्वनाथाच्या चार यामांपर्यंत मागे जातो, अहिंसा, सत्य, अस्तेय, अपरिग्रह. आणि म्हणतो हे चार फक्त संन्याशाने पाळून भागणार नाही, समाजाने पाळायला हवेत. अपरिग्रह समाजाने पाळायचा म्हणजे काय हो? म्हणजे भाटकारी सोडायची!

दामोदर कोसंबी म्हणतात बौद्ध धर्म पसरला कारण शेती आणि व्यापार वाढून टोळीच्या पलीकडे सगळ्यांना लागू होईल अशा नीतीची गरज पडली. दोघांची वाक्यं जवळजवळ ठेवून वाचा. बाप सांगतो काय करायला हवं, मुलगा सांगतो ते त्या वेळीच का सुचलं. भांडण कमी आहे, वाटणी जास्त आहे.

अंत्रुजकार

पुण्यातला_गोंयकार, अत्तदंड सुत्ताचा मुद्दा तुम्ही फार चांगला आणलात. तरी माझा प्रश्न उरतोच. समाजाने अपरिग्रह पाळावा हे बापाने सांगितलं, पाळला कुणी? गोव्यात कूळ कायदा १९६४ ला आला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला जमीन, १९७५ ला मुंडकार कायदा. तोपर्यंत मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत राहणाऱ्याचं, घर भाटकाराच्या मर्जीवर, आणि भाटकार हिंदू असो की क्रिस्तांव, पावसाळ्याआधी फुकट राबायला बोलावणं तेच, माड उतरवताना पहिले शहाळे त्याचे तेही तेच. प्रवचन आणि कीर्तन दोन्हीकडे चालू होतं. बदल झाला तो कायद्याने, आणि कायदा आला तो मतपेटी आली म्हणून.

निळेंउदक

कायद्याचा विषय आलाच आहे तर दुसरी बाजू पण घ्या. मी खाजनकाठची. गावकरीत कितीही उतरंड असो, बांध आणि मानस (पाणी अडवायची दारं) सांभाळायचं काम तीच बघायची. भरतीला मानशीची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, फळी कुजली की रातोरात बदलावी लागते, नायतर खारं पाणी आत. शेतं कुळांना गेली ते न्यायाचंच झालं, पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणाचीच राहिली नाही. आमच्याकडे एक बांध फुटला तो दुरुस्त होईपर्यंत शेतात कांदळ उगवली. म्हणजे जुन्या बांधणीत अन्यायही होता आणि जपणूकही होती, दोन्ही एकाच हातात. हे वेगळं कसं करायचं याचं उत्तर कुठल्या कोसंबींकडे आहे?

आणि कुणी समान नागरी कायदा म्हणून गोव्याचं उदाहरण देतं तेव्हा मला एक आठवतं. १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा इथे सगळ्या धर्मांना, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, मुलगा-मुलगी वारसा सारखा. पण १८८० च्या हुकुमात हिंदू पुरुषाला काही अटींवर दुसरी बायको करायची सवलत राहिली, बायकोला पंचवीस वर्षांपर्यंत मूल नसेल किंवा तिसापर्यंत मुलगा नसेल तर. म्हणजे सगळ्यांना सारखा म्हणवणाऱ्या कायद्यातही बाईची किंमत मुलग्यावर.

म्हापशेंकार

निळेंउदक ताईंनी लिहिलं त्यावरून एक विचारायचं होतं. घरात मुलीला सारखा वाटा, पण गावकरीचा जण (उत्पन्नातला वाटा) मुलीला मिळतो का? आणि देवस्थानात महाजन म्हणून मुलीचं नाव?

राय_गांवचो

जण बापाकडून मुलग्याला. मुलगी गांवकार होत नाही. आमच्या कोमुनिदादीत (गावकरीत) माझ्या भयणीचं नाव नाही, माझं आहे, आणि खाजनाच्या सभेला जाऊन भांडणारी ती, मी मुंबईला होतो.

अंत्रुजकार

महाजनीतही तसंच. १९३३ च्या नियमावलीवर आमची देवस्थानं चालतात, यादीत पुरुष. माझ्या दोन मुली आहेत, दोघी जत्रेच्या वेळी देवळात राबतात, तळी-तोरणापासून रांगोळीपर्यंत, आणि माझ्यानंतर त्या यादीत माझ्या घराचं नाव संपणार. हे मला फार लागतं. बघा म्हणजे, चारशे वर्षांपूर्वी नदीच्या दोन काठांना वेगळे झालेले लोक, एकाने खुरीस उचलला, दुसऱ्याने पालखी, आणि मुलीला वगळायच्या बाबतीत दोघांचा नियम एकच. म्हापशेंकार, तुम्ही म्हणालात ना श्रद्धेचं काय, तर सायबीण आणि लईराई दोघी बायाच, आणि त्यांच्या दारातल्या याद्या पुरुषांच्या.

मी ठरवलंय, आमच्या देवस्थानच्या येत्या आमसभेला हा प्रश्न लेखी देणार. मुलींची नावं महाजनांच्या यादीत घ्यावीत म्हणून. मसुदा करतोय.

पुण्यातला_गोंयकार

उत्तम. म्हणजे शेवटी आचरणावरच आलात की. द्या, मी सही करतो, आमचंही तेच देवस्थान.

राय_गांवचो

बाब, मसुदा मला पण पाठवा. देवस्थान काढून कोमुनिदाद घालतो आणि आमच्या सभेत देतो. भयण स्वतःच वाचून दाखवणार म्हणते.

जुनेंपान

मसुद्यात नियमावलीचं कलम नीट लिहा, नायतर तेवढ्यावरून बाजूला ठेवतात. हवं तर मी बघतो.

मांडावरची

मुलींचं घाला, जरूर घाला, माझा पाठिंबा आहे. पण अंत्रुजकार, तुमच्या देवळाच्या जत्रेला आमच्या वाड्यावरचे लोक मांडव घालतात, पताका लावतात, जत्रा झाल्यावर तळी साफ करतात. माझे काका गेली कितीतरी वर्षं करतायत. त्यांना मुलगेही आहेत आणि मुलीही. त्यांच्यासाठी मसुद्यात कुठली ओळ आहे ते मला लिहून कळवा.